दुसरे सुकाणू

एका शिक्षकाच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुस्तिकेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने विमानविद्येविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. मी स्वतः विमान चालविलेले नाही. परंतु आमच्या इंदूरला १९५१ साली मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि माझे काही विद्यार्थी पुढे त्या वाटेने गेले. अध्यापनाविषयी मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो.

शिकाऊ वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो. सेस्ना १५२ सारख्या विमानात शेजारी-शेजारी दोनच आसने असतात आणि सुकाणूही दोन. विद्यार्थ्याचे काही चुकले, तर शिक्षक आपल्या सुकाणूने सावरून घेतो. सरळ उडणे, चढणे, उतरणे आणि वळणे या चार गोष्टी प्रथम घोटून घेतल्या जातात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. वैशाखातल्या दुपारी येथील हवा आणखी विरळ होते आणि तेच विमान धावपट्टीवर अधिक अंतर धावल्यावाचून जमीन सोडत नाही. पुस्तकातील आकडा आणि समोरची हवा यांचा मेळ विद्यार्थ्यालाच घालावा लागतो.

सर्वांत कठीण पाठ ‘स्टॉल’चा. वेग मंदावला, की नाक वर उचलून उंची टिकवावी असे मनाला वाटते. परंतु पंख आणि समोरून येणारा वारा यांतील कोन साधारणतः १५-१६ अंशांपलीकडे गेला, की पंखावरून वाहणारी हवा विस्कटते, पंखाची उचलशक्ती ढासळते आणि इंजिन सुरू असूनही विमान खाली येऊ लागते. अशा वेळी सुकाणू पुढे ढकलून नाक खाली करावे लागते. हे नुसते सांगून अंगवळणी पडत नाही. म्हणून शिक्षक पुरेशा उंचीवर मुद्दाम स्टॉल घडवून आणतो आणि विद्यार्थ्याकडूनच विमान सावरून घेतो.

मग एके दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरतो आणि एकट्याने एक फेरी मारून यायला सांगतो. पूर्ण भारासह जेमतेम ७५० किलोच्या त्या विमानातून एक माणूस उतरला, की ते नेहमीपेक्षा लवकर उचलते. शेजारचे आसन रिकामे असल्याची जाणीव विद्यार्थ्याला विमानच करून देते. दुसरे सुकाणू जागेवर असते, त्यावर हात मात्र नसतो. भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी किमान २० तास एकट्याने. म्हणजे शिक्षकाच्या अनुपस्थितीलाही अभ्यासक्रमात स्थान आहे.

भाषेच्या वर्गात हे क्वचितच घडते. कवितेचा अर्थ आपण सांगतो, निबंधाचे मुद्देही फळ्यावर लिहून देतो, आणि मग मुलांना स्वतःचे लिहिता येत नाही म्हणून हळहळतो. शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, की पाया पक्का झाल्यावर वर्षातले काही तास तरी मुलांना अपरिचित कविता द्यावी आणि आपण गप्प बसावे. उड्डाण-शिक्षकालाही ती दहा मिनिटे धावपट्टीकडे नजर लावून नुसते उभे राहावे लागते, आणि ते त्याला सोपे जात नाही, असे मी ऐकले आहे.