तिकीट नंबर ते चावी

लालबाग-परळच्या जुन्या खोल्यांत पोटमाळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तशीच एखादी पेटी सावंतवाडीकडच्या किंवा आजरा-पाटणकडच्या घरातही माळ्यावर सापडते. आत भविष्य निर्वाह निधीची पिवळी पडलेली चिठ्ठी, ई.एस.आय.चं कार्ड, एखादी पगारपावती. प्रत्येक कागदावर कापडगिरणीचं नाव, खातं आणि तिकीट नंबर. साचा खात्यात असो की कांडी खात्यात, कामगाराची गिरणीतली ओळख म्हणजे हा नंबर. आज त्याच नंबराच्या बळावर मुंबईत घर मागता येतं. पण नंबर ते चावी हा रस्ता लांब आहे. तो पायरी-पायरीने समजून घेऊ.

घराचा हक्क कुठून आला?

आधी तुलनेसाठी लालबाग-परळच्या आसपासच्या बी.डी.डी. चाळी पाहू. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या २०७ इमारती: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. यांपैकी पहिल्या तीन ठिकाणच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या भाडेकरूला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतं. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. हा हक्क राहण्यातून आलेला आहे. ज्याच्या नावावर खोली, त्याला घर.

गिरणी कामगाराचं तसं नव्हतं. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी बहुधा एकटाच आलेला. बायको-मुलं गावी. तो गावकीच्या खोलीत, दहा-वीस जणांत एक वळकटी आणि एक ट्रंक ठेवून राहायचा. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा, जेवण खाणावळीत. भाडेपावती फाटायची ती एका कुणाच्या नावावर. उरलेल्यांनी त्या खोलीत उभं आयुष्य काढलं, तरी कागदावर ते तिथले कुणीच नव्हते. चाळ पडून टॉवर झाला तर ह्यांना त्यात काय मिळणार? म्हणून त्यांचा हक्क भाडेपावतीवर उभा राहू शकत नव्हता. तो गिरणीच्या हजेरीपटावर उभा करावा लागला.

पहिली पायरी: जमीन

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद होत गेली. सूत काढण्यापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. पण ही जमीन उद्योगासाठी राखलेली. तिच्यावर दुसरं काही बांधायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि परवानगीच्या बदल्यात शहराला काही मागता येतं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम हेच मागत होता. जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला.

२००१मध्ये नियम बदलला. वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. शब्द एकच बदलला, पण त्याचा परिणाम केवढा, हे उदाहरणावरून पाहू. समजा, गिरणी १५ एकरांची आहे आणि त्यातल्या १२ एकरांवर शेड, गोदामं, कचेऱ्या आहेत. जुन्या नियमाने म्हाडाला मिळाले असते ५ एकर. नव्या नियमाने मोकळे ३ एकर तेवढे वाटायचे, म्हणजे म्हाडाच्या वाट्याला १ एकर. गिरणी म्हणजे मुळात शेडच. मोकळं अंगण तिच्यात असणार किती?

हा वाद कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये संपूर्ण जमिनीच्या वाटणीच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१चा नियम कायम राहिला. कामगारांच्या घरांचा आकडा त्या दिवशीच बराचसा ठरून गेला. त्याच सुमारास, २००५मध्ये, दादरच्या कोहिनूर मिलची जमीन ४२१ कोटींना विकली गेली होती. तेव्हा मोकळी जमीन आणि अख्खी जमीन यांतल्या फरकाची किंमत सहज समजेल.

दुसरी पायरी: बांधकाम आणि किंमत

म्हाडाच्या वाट्यात कामगारांचा भागही आपोआप आला नाही. दत्ता इस्वलकरांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि इतर संघटनांनी मोर्चे-उपोषणं करून तो लावून धरला. त्यातून वाटप ठरलं ते असं, की बांधलेल्या घरांपैकी दोन तृतीयांश कामगारांना आणि एक तृतीयांश संक्रमण शिबिरांसाठी, म्हणजे मोडकळीला आलेल्या इमारतींतून तात्पुरतं हलवलेल्या लोकांसाठी.

घर साधारण २२५ चौरस फुटांचं. २०१२मध्ये किंमत साडेसात लाख, पुढे साडेनऊ लाख. परळमध्ये घर या भावात कसं बसतं? जमिनीचे पैसे लागत नाहीत म्हणून. मुंबईत घराच्या किमतीतला मोठा वाटा विटा-सिमेंटचा नसून जमिनीचा असतो. तो काढला की घर कामगाराच्या आवाक्याच्या जवळपास येतं. स्वस्त घरांचं गणित जगभर इथेच सुटतं. सिंगापूरने १९६६च्या कायद्याने जमीन सरकारच्या ताब्यात घेतली, म्हणूनच तिथले बहुसंख्य लोक आज सरकारने बांधलेल्या घरांत राहतात.

तिसरी पायरी: पात्रता

आता पेटी उघडायची. कामगार १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, हे दाखवावं लागतं. पुरावे म्हणून चालतात ते हेच कागद: गिरणीचं ओळखपत्र, सेवेचा दाखला, पगारपावती, ई.एस.आय.चं कार्ड, निर्वाह निधीची किंवा ग्रॅच्युइटीची कागदपत्रं. माणूस दोन-तीन गिरण्यांत राबला असला तरी घर एकच.

कामगार हयात नसेल तर हक्क वारसांकडे जातो. इथे खरी दमछाक होते. गिरणीच्या दप्तरात नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. कुठे आडनावाच्या जागी गावाचं नाव, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. वारस चार असतील तर चौघांचं एकमत हवं: एक लालबागला, एक बदलापूरला, दोघे गावी. ज्या घरात वडिलांच्या मागे पेटी जपली गेली, तिथे काम निम्मं झालेलं असतं. जिथे ती रद्दीत गेली, तिथे निर्वाह निधीच्या कार्यालयापासून संघटनेच्या कचेरीपर्यंत खेटे सुरू होतात.

चौथी पायरी: सोडत

अर्ज जास्त आणि घरं थोडी, म्हणून सोडत. संगणक अर्जांच्या क्रमांकांतून विजेते काढतो आणि त्यांच्यामागे प्रतीक्षा यादी लावतो. विजेता अपात्र ठरला किंवा त्याने घर नाकारलं, तर यादीतला पुढचा वर सरकतो.

२०१२मध्ये पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. मे २०१६मध्ये भारत, सेंच्युरी वगैरे सहा गिरण्यांच्या जागेवरची २,६३४ घरं आली. त्याच वर्षी डिसेंबरात पनवेलजवळच्या कोनमधली २,४१७. ही घरं गिरणीच्या जमिनीवरची नव्हती. एम.एम.आर.डी.ए. या महानगर विकास प्राधिकरणाच्या भाड्याच्या घरांच्या योजनेतल्या १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून ती केलेली होती, किंमत सहा लाख. मार्च २०२०मध्ये बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. एकूण १५,८७०.

अर्जदार होते सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे अकरा जणांमागे एक घर.

पाचवी पायरी: नंबर लागल्यावर

पेढे वाटून झाले तरी चावी लांबच असते. मूळ कागद तपासून पात्रता निश्चित होते, मग तात्पुरतं देकारपत्र येतं, त्यात पैसे भरायची मुदत असते. साडेनऊ लाख बाजारभावापुढे किरकोळ, पण सत्तरीच्या माणसाला बँक सहसा कर्ज देत नाही. मुलाचा पगार, गावचं शेत, मुलीचे दागिने, सगळ्यांची बेरीज होते. पैसे, मुद्रांक शुल्क, नोंदणी, ताबापत्र आणि मग चावी. कोनच्या विजेत्यांना तर २०१६च्या सोडतीनंतर वर्षानुवर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात त्या इमारती कोविडच्या विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि नंतर दुरुस्तीत अडकल्या.

चावी हातात आली की दर महिन्याचा देखभाल खर्च सुरू होतो. चाळीला लिफ्ट नव्हती, पाण्याचा पंप नव्हता, पहारेकरी नव्हता. टॉवरला हे सगळं लागतं, आणि निवृत्तिवेतन नसलेल्या घराला त्याचा भार जाणवतो.

पुढची पायरी: वांगणी आणि शेलू

उरलेल्या दीड लाखावर लोकांचं काय? गिरण्यांची मोकळी जमीन संपत आली. सरकारचा प्रस्ताव आहे बदलापूर-कर्जत वाटेवरच्या वांगणी आणि शेलूचा. ८१ हजार घरं, प्रत्येकी पंधरा लाखांची. त्यातले साडेपाच लाख सरकार भरणार, साडेनऊ लाख कामगार. ९ जुलै २०२५ला कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले ते याला विरोध करायला. घर द्यायचं तर मुंबईत द्या, ही त्यांची मागणी.

हा केवळ हट्ट नाही, हे आकडेच सांगतात. परळला साडेनऊ लाख घेतले जात होते ते जमिनीची किंमत न धरता, जिथे त्या जमिनीला सोन्याचा भाव होता तिथे. वांगणीतही साडेनऊच लाख, वर सरकारचे साडेपाच. पैसे तेवढेच, जमीन मात्र मुंबईपासून लांबची.

म्हणून पुढची घोषणा होईल तेव्हा सोडतीची तारीख मागाहून विचारावी. आधी विचारावं, जमीन किती, कुठली आणि कुणाच्या वाट्याची. आणि पेटी तोवर उंदरांपासून जपावी.