लेखक अनेक, मांडणी एक

धर्मग्रामाची महोत्सवी स्मरणिका असो वा एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल असो, त्याचे लेखन सहसा एका हातचे नसते. धर्मगुरू, धर्मभगिनी, शिक्षक, युवक आणि ज्येष्ठ प्रापंचिक असे अनेक जण आपापल्या परीने लिहितात. त्या सर्व लेखांना एकसारखे रूप देण्यातच संपादकाची शक्ती खर्च होते आणि आशय तपासण्यास वेळ उरत नाही. यातील बरेचसे काम आज संगणकाकडे सोपविता येते. मात्र त्याच्याकडे काय सोपवावे आणि काय आपल्या हाती राखावे, हे आधी ठरविले पाहिजे.

प्रथम अक्षरे

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर लेखाऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून प्रथम सर्व लेख परिवर्तकाद्वारे युनिकोडमध्ये आणावेत. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठविली जाते, तर युनिकोडमध्ये अक्षरानंतर. परिवर्तकाला असा क्रम बदलावा लागत असल्याने वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहू शकतात. तेवढी जागा डोळ्यांखालून घालावी.

युनिकोडमध्येही फसगत होते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; तरीही अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाला ती भिन्न वाटतात. परिणामी शोध घेतला असता निम्मेच शब्द सापडतात.

मग नियम

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेल्या आणि शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या १४ लेखननियमांत १९७२ साली ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम पायाभूत मानावेत आणि त्यांना आपली एक पानी नियमावली जोडावी: अंक देवनागरी की इंग्रजी, तारीख कशी लिहावी, बायबलमधील संदर्भ ‘योहान ३:१६’ असा द्यावा की अन्य प्रकारे.

हे नियम ‘शोधा व बदला’ या सोयीने क्रमवार राबविता येतात. तो क्रम मॅक्रो म्हणून जतन केला की प्रत्येक लेखावर तीच प्रक्रिया होते. उदाहरणार्थ, विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकिलेला ‘दु:ख’ हा शब्द घेऊ. ‘दोन अक्षरांमधील अपूर्णविराम विसर्ग समजावा’ असा नियम दिला, तर हा शब्द सुधारतो आणि अंकांमधील ‘३:१६’ला धक्का लागत नाही. शब्दाच्या शेवटी मात्र हा नियम चालत नाही. तेथे ‘स्वतः’, ‘विशेषतः’ अशा शब्दांची यादीच द्यावी लागते.

शीर्षक, उपशीर्षक आणि परिच्छेद यांना वर्ड किंवा लिबरऑफिसमधील ‘शैली’ लावावी. मग अक्षरांचा आकार एका ठिकाणी बदलला की तो ग्रंथभर बदलतो. असा तयार साचा लेखकांना आधीच पाठविल्यास निम्मे श्रम वाचतात.

यंत्राची मर्यादा

‘दिनांची सेवा’ या शब्दांत यंत्राला चूक दिसणार नाही, कारण ‘दिन’ हाही शुद्ध शब्द आहे. येथे ‘दीन’ हवा, हे अर्थ जाणणाराच ओळखतो. उलट सरसकट बदल केला, तर ‘वर्धापनदिन’ही ‘वर्धापनदीन’ होऊन बसेल!

त्याहून नाजूक प्रश्न बोलीचा आहे. वसई परिसरातील एखाद्या आजीने सामवेदी बोलीत सांगितलेली आठवण प्रमाणभाषेच्या नियमांतून काढली, तर लेख नीटस होईल, पण आजीचा आवाज हरपेल. असा मजकूर स्वतंत्र शैलीने चिन्हांकित करून नियमांतून वगळावा. प्रत्येक लेखाची मूळ प्रत जपून ठेवावी आणि केलेले बदल लेखकाला दाखवावेत.

विरामचिन्हे, अंक आणि समास यंत्राने सांभाळावेत. अर्थ आणि आवाज माणसाने. ही वाटणी पाळली, तर आपल्या स्मरणिका दिसायला एकसंध होतील आणि तरीही प्रत्येक पानावर लिहिणारी व्यक्ती आपल्याला ओळखता येईल.