डिस्क पॅक आधी तपासा, मगच यंत्रात बसवा

जुन्या मोठ्या संगणकांचे सामान अमेरिका-युरोपात आजही संग्राहक व संग्रहालये विकत घेतात. त्यात डिस्क पॅकला मागणी असते. आय.बी.एम. कंपनीने १९६२ साली १३११ हे यंत्र आणले. त्याचा १३१६ हा पॅक काढून कपाटात ठेवता येत असे. १४ इंच व्यासाच्या सहा तबकड्या, नोंदीसाठी दहा बाजू, वजन सुमारे साडेचार किलो आणि त्यात मावणारी माहिती सुमारे २० लाख अक्षरे!

हा माल दिसायला दणकट, पण स्वभावाने काचेसारखा. वाचणारे हेड तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, काही मायक्रॉन अंतरावर तरंगते. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो. वाहतुकीत पॅक आपटला आणि तबकडी किंचित वाकली, तर फिरताना ती हेडवर आदळते. तपकिरी लेप खरवडला जातो, माहिती कायमची जाते.

खरे नुकसान पुढेच आहे. खराब झालेले हेड पुढच्या चांगल्या पॅकलाही ओरबाडते. "या यंत्रात चालत नाही, त्या यंत्रात लावून पाहू" म्हणणारा एका पॅकपायी दोन यंत्रे गमावतो. ही हेड आता नवीन बनत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम पेटी व डबा पाहावा. तडा किंवा चेपलेला कोपरा म्हणजे इशारा. पॅक एक दिवस यंत्राच्याच खोलीत ठेवावा, म्हणजे दोहोंचे तापमान सारखे होते. मग स्वच्छ जागी झाकण काढून उजेडात तबकड्या पाहाव्यात. गोल चरे, लेप उडालेली जागा किंवा दोन तबकड्यांमध्ये कमी-जास्त अंतर दिसले, तर पॅक बाजूला ठेवावा. नंतर पॅक हाताने सावकाश फिरवून कडा डोलते का ते पाहावे. लेथवर काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना डायल गेज नवे नाही. तेच इथे उपयोगी पडते. मात्र गेजचे टोक नोंदीच्या भागाला लागू देऊ नये. धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी.

एवढे झाल्यावर हेड मागे ठेवून पॅक काही वेळ नुसता फिरवावा. मग हेड पुढे आणावे. खरखर ऐकू येताच यंत्र बंद करावे आणि हेडवर तपकिरी भुकटी आहे का ते पाहावे.

विक्रेत्याचीही जबाबदारी आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दाखवून दिला आणि तो वर ठेवायला सांगितले, हे आपण सारे जाणतो. पॅकचा ओलावा डब्याच्या आत असतो. पडलेला माल "पडलेला" म्हणूनच विकावा. भाव कमी येईल, पण रोजी हलाल राहील आणि गिऱ्हाईक पुन्हा येईल.