ट्रकवर नवा ड्रायव्हर ठेवताय? पहिल्या फेरीआधी हे कागद बघाच

दिवाळी जवळ आली की मांजरसुंबा-अंबाजोगाई रस्त्यावरच्या केजमध्ये गाड्यांची लगबग वाढते. सोयाबीन बाजारात येत असतं, कारखान्यांचे गाळप हंगाम तोंडावर असतात आणि ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघायच्या तयारीत असतात. एक-दोन ट्रक असलेल्या मालकाला याच दिवसांत ड्रायव्हर हवा असतो.

बोलणं बहुतेक वेळा फोनवरच होतं. "लायसन्स आहे ना?" "आहे." मग पगार ठरतो, थोडी उचल दिली जाते आणि त्याच रात्री गाडी भरून निघते. कागदांचं नंतर बघू, असं दोघंही म्हणतात.

पण अपघात झाला तर पैसे विमा कंपनी भरणार, की मालकाला जमीन विकून भरावे लागणार, हे बऱ्याचदा याच कागदांवर ठरतं. ड्रायव्हरच्या घरच्यांना भरपाई मिळणार की नाही, हेसुद्धा.

लायसन्सवरच्या दोन तारखा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ट्रक चालवणाऱ्याच्या लायसन्सवर मुदतीच्या दोन तारखा असतात. एक 'एनटी', म्हणजे दुचाकी किंवा घरच्या कारसाठी. दुसरी 'टीआर', म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडीसाठी. पहिली तारीख बरीच लांबची असू शकते. टीआरची मुदत मात्र साधारण ५ वर्षांचीच असते.

मालक कार्ड बघतो, लांबची तारीख वाचतो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात टीआरची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली असू शकते. तसं असेल, तर ट्रकपुरतं त्या ड्रायव्हरकडे लायसन्सच नाही.

मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत मिळायची. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि ती गेली. मुदत संपल्यापासून वर्षभरात विना-परीक्षा नूतनीकरण करता येतं, पण मधल्या काळात गाडी चालवता येत नाही.

कोणत्या गाडीला कोणतं लायसन्स?

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. त्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. छोट्या टेम्पोवाल्यांना याचा दिलासा मिळाला.

पण सहाचाकी किंवा दहाचाकी ट्रकची गोष्ट वेगळी आहे. एकूण वजन ७,५०० किलोच्या वर गेलं की ट्रान्सपोर्टची नोंद हवीच. ती मिळण्यासाठी आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स असावं लागतं आणि वय किमान २० वर्षं लागतं.

साखर कारखान्यातून स्पिरिट किंवा इथेनॉल नेणाऱ्या टँकरसाठी आणखी एक पायरी आहे. असा माल धोकादायक गटात येतो. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. या लायसन्सची मुदत ३ वर्षांचीच असते.

खरं-खोटं कसं तपासायचं?

केंद्र सरकारच्या परिवहन सारथी वेबसाइटवर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स चालू आहे का, कोणत्या गाड्यांसाठी आहे आणि दोन्ही मुदती कधी संपतात, हे दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा.

हे बघितलं नाही तर?

अपघातात जखमी झालेल्याला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई मिळावी, यासाठी न्यायालयं अनेकदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतात. पण ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नसेल, तर कंपनीला ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळू शकते. रक्कम लाखांत असते. एका ट्रकच्या जोरावर घर चालवणाऱ्याला ती पेलवत नाही.

मालकाची काहीच बाजू नसते असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं, की मालकाने निष्काळजीपणा केला किंवा जाणूनबुजून अट मोडली, हे विमा कंपनीला सिद्ध करावं लागतं. लायसन्स बनावट निघालं, पण मालकाने ते पाहिलं होतं आणि ड्रायव्हरला गाडी नीट चालवता येते याची खात्री केली होती, तर मालकाला संरक्षण मिळू शकतं. मुदत संपलेली तारीख किंवा चुकीचा वर्ग मात्र कार्डावरच छापलेला असतो. 'माझ्या लक्षात आलं नाही' ही सबब तिथे टिकणं अवघड आहे.

याशिवाय लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिल्याबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

ड्रायव्हरला कागद का हवा?

'साध्या नेमणूकपत्राने काय होतं?' असं ड्रायव्हरलाही वाटतं. एक हिशेब बघू.

कामावर असताना ड्रायव्हरचा अपघाती मृत्यू झाला, तर कुटुंबाला भरपाईचा हक्क आहे. मासिक पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असं सूत्र आहे. ते १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातलं असून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच पुढे चालू ठेवलं. यासाठी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जातो. ड्रायव्हर ३० वर्षांचा असेल तर आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये.

पण त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. तो या गाडीवर नोकरीला होता आणि त्याला इतका पगार होता. पगार रोख, ठराव तोंडी आणि ड्रायव्हर मालकाचा भाचा असेल, तर 'हा नोकर नव्हताच' असा मुद्दा विमा कंपनीकडून येऊ शकतो. म्हणून नात्यातला माणूस असला तरी कागद करावाच. पॉलिसीत ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांसाठी संरक्षण आहे का, हेही एजंटला आधीच विचारून घ्यावं.

उचल द्या, पण लिहून

ऊसतोडीत चालते तशी उचल ड्रायव्हरकीतही चालते. ती किती दिली आणि दरमहा किती कापणार, हे लिहून दोघांनी सही करावी. 'उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही' अशी अट मात्र घालू नये. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात हे गुन्ह्याकडे जाऊ शकतं.

मूळ लायसन्स किंवा आधार कार्ड अडकवून ठेवणंही चुकीचं आहे. वाटेत पोलीस किंवा आरटीओने लायसन्स मागितलं तर ते ड्रायव्हरलाच दाखवायचं असतं. मालकाने झेरॉक्स ठेवावी आणि मूळ कागद परत द्यावेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरचं लायसन्सही कायद्याने चालतं.

गाडी निघण्याआधी एवढं करा

१. सारथीवर टीआरची मुदत आणि गाडीचा वर्ग तपासा, स्क्रीनशॉट ठेवा.

२. लायसन्स, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घ्या. घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून ठेवा.

३. डोळ्यांची तपासणी करून घ्या. चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांकडे ऑनलाइन करता येतो.

४. स्वतः शेजारी बसून भरलेली गाडी थोडी चालवून बघा.

५. एका पानाचं नेमणूकपत्र करा: रुजू तारीख, गाडी नंबर, पगार, भत्ता, उचल, सुट्टी, दोघांच्या सह्या. एक प्रत ड्रायव्हरला द्या.

६. पगार बँकेतूनच द्या.

७. आरसी, विमा, परमिट, फिटनेस आणि पीयूसी चालू आहेत का ते बघून ड्रायव्हरकडे सोपवा.

या सगळ्याला एक दुपार पुरते. टीआरची मुदत संपायची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर म्हणून दोघांनीही लावून ठेवली, तर पुढच्या हंगामात पुन्हा तीच चूक होणार नाही.