समजले, पण आठवत नाही!

आमच्या वर्गात फळ्याशेजारी विजेवर चालणारा मोठा पडदा आला, त्यास आता काही वर्षे झाली. पाऊस कसा पडतो हे शिकविताना पूर्वी खडूने ढग काढावे लागत. आता समुद्राची वाफ वर चढते, निवते आणि तिचे थेंब होतात, हे सारे मुलांच्या डोळ्यांपुढे हलते. ‘समजले का?’ असे विचारताच सारा वर्ग एका स्वरात ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर मी अनेक दिवस समाधान मानीत असे.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने मजकडे आली. “सर, वाचताना सगळे येते, पण कागद समोर आला की काहीच आठवत नाही,” ती म्हणाली. रात्री जागूनही उपयोग होत नसल्याने आपली बुद्धीच मंद आहे, असे तिने मनाशी ठरविले होते. पुस्तक मिटून सांद्रीभवन म्हणजे काय ते सांग, असे मी म्हणालो. तिला काही सांगता येईना. बडोद्यात रस्त्यावर व बाजारात गुजराती चालते. असले मराठी शब्द वर्गाबाहेर मुलांच्या कानी क्वचितच पडतात. वर्गात ते मी उच्चारीत होतो, पडदा दाखवीत होता. तिच्यावर ते उच्चारण्याची वेळ मी कधी आणलीच नव्हती. दोष तिच्या बुद्धीचा नव्हता, माझ्या शिकविण्याचा होता.

ओळखणे आणि आठवणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पाहिलेला मजकूर पुन्हा दिसला की तो आपणास येतो असे वाटते. परंतु परीक्षेत तो समोर नसतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते व पुढे मंदावते, असे त्यांस आढळले. यावर उपाय कोणता? २००६ साली रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी ते बाजूस ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

आपल्याकडील दिवेलागणीचा परवचा हाही आठवून म्हणण्याचाच अभ्यास होता. अर्थावाचून केलेली घोकंपट्टी मला अभिप्रेत नाही. परंतु समजलेली गोष्टही आठविल्यावाचून आपली होत नाही.

म्हणून आता चित्र संपताच मी पडदा बंद करतो. प्रत्येकाने पाच मिनिटे, पाहिलेले आपल्या शब्दांत वहीच्या मागील पानावर लिहावयाचे. मग चित्र पुन्हा पाहून आपली चूक आपणच दुरुस्त करावयाची. यास गुण नाहीत. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने मी विचारतो. चुकणे हे लाजेचे कारण नसून अभ्यासाची दिशा दाखविणारे चिन्ह आहे, हे मुलांना हळूहळू पटू लागले आहे.

त्या मुलीचे भय एका दिवसात गेले नाही. परंतु आपणास काय येत नाही हे परीक्षेच्या पुष्कळ आधी कळू लागल्यामुळे तिचे जागरण थांबले. हाही लाभ लहान नव्हे. कारण झोपेत शिकलेले टिकून राहते, हे जेन्किन्स व डॅलेनबाख यांनी १९२४ सालीच प्रयोगाने दाखविले होते.

विद्यार्थिमित्रहो, पडदा अवश्य पाहा; त्याने दाखविलेले ढग मला खडूने कधीच काढता आले नसते. मात्र पाहून झाल्यावर क्षणभर डोळे मिटा आणि स्वतःस विचारा, ‘आता मला काय सांगता येईल?’ जे सांगता येईल, तेवढेच आपले.