कवायतीच्या गुरूची तलवार

तलवार बहाल करण्याची चाल आपल्याकडे जुनी. दरबारात खिलतीबरोबर ती मिळायची. इंग्रजांतही ही रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीने दिलेली अशीच एक तलवार सांगण्याजोगी आहे, कारण तिचा मानकरी मुख्यतः शिपाई घडवणारा म्हणून ओळखला जातो. त्याचे नाव स्ट्रिंगर लॉरेन्स.

१७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले, तेव्हा कंपनीचे डोळे उघडले. तिच्याजवळ पहारेकरी होते, फौज म्हणावी अशी नव्हती. १७४८ च्या आरंभी लॉरेन्स कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात दाखल झाला. वय पन्नाशीचे, ब्रिटिश फौजेत वीस वर्षे काढलेली. त्याने देशी शिपायांच्या तुकड्या बांधल्या. हुकुमासरशी बंदूक भरायची, हुकुमासरशी झाडायची, शेजारचा पडला तरी रांग मोडायची नाही, हा त्या शिकवणीचा गाभा.

'कवायत' हा आपला शब्द अरबी 'कवाइद'वरून आला. 'कायदा'चे ते अनेकवचन. उर्दूत व्याकरणालाही कवाइदच म्हणतात. लॉरेन्सने शिपायांना लढाईचे व्याकरण शिकवले म्हणा ना!

रॉबर्ट क्लाइव्ह त्याच्याच हाताखाली तयार झाला. १७५३ मध्ये क्लाइव्ह मायदेशी परतला, तेव्हा कंपनीच्या संचालकांनी त्याला हिरेजडित तलवार देऊ केली. क्लाइव्हने अट घातली, लॉरेन्सलाही तलवार मिळणार असेल तरच मी घेईन. मग लॉरेन्सलाही ती मिळाली. प्लासीचा क्लाइव्ह आपण वेगळ्या कारणांनी लक्षात ठेवतो, पण ही गुरुदक्षिणा त्याच्या खात्यावर मांडायला हवी.

लॉरेन्सचा आणखी एक नावाजलेला शिष्य होता, मुहम्मद यूसुफ खान. १७५३-५४ मध्ये त्रिचनापल्लीला वेढा पडला होता. समोर फ्रेंच, म्हैसूरकर आणि गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचे मराठा घोडदळ. त्यातून धान्याचे तांडे शहरात सुखरूप आणण्यात यूसुफ खानचा मोठा वाटा होता. १७५४ मध्ये कंपनीने त्याला सगळ्या शिपायांचा सरदार केले. पुढे सुवर्णपदकही दिले.

नंतर मदुराईचा कारभार त्याच्याकडे आला. अर्काटचा नवाब आणि कंपनी यांच्याशी त्याचे बिनसले. तो नमेना. कवायतीत मुरलेल्या त्याच्या शिपायांनी मदुराई महिनोन्‌महिने लढवली. अखेर त्याच्याच माणसांनी दगा दिला आणि ऑक्टोबर १७६४ मध्ये त्याला फाशी झाली. तेव्हा लॉरेन्स हयात होता.

१७७५ मध्ये लॉरेन्स वारला. कंपनीने लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे स्मारक उभारले. इंग्रज त्याला हिंदी फौजेचा जनक म्हणू लागले.

एकाच आखाड्यातली ही तीन माणसे. तिघांनाही कंपनीने गौरवले. दोघांचा मान अखेरपर्यंत टिकला. तिसऱ्याचा मात्र तो ताबेदार होता तोवरच. बहुमानाची तलवार पाहताना मुठीवरच्या हिऱ्यांनी डोळे दिपतात. पण ती देणाऱ्याचा हिशेब काय होता, हेही विचारून पाहावे.