पुगाची ऊब आधी कुणाला?

लडाखमधल्या पुगा खोऱ्यातून परतलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : झऱ्याला खळखळून उकळी फुटलेली असताना थर्मामीटर ८४ अंशांवरच का थांबतो? थर्मामीटर बरोबरच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी तेवढ्यातच उकळतं. डाळ शिजत नाही ती याचमुळे. जमिनीखाली मात्र कुकरमधल्यासारखा दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरी ओलांडूनही पाणीच राहतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं इथं ३४ विवरं घेतली होती. त्यांतलं सर्वांत खोल ३८५ मीटरचं होतं आणि तापमान १४० अंशांच्या आसपास मिळालं.

झऱ्यांइतकीच भोवतालची जमीन पाहण्यासारखी आहे. तिच्यावर जागोजाग पांढरा थर दिसतो, तो टाकणखाराचा! सोनार दागिना जोडताना वापरतो तोच. धातूवर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा तो विरघळवतो आणि जोड पक्का बसतो. गरम पाणी खडकांतलं बोरॉन वर आणतं, पाणी उडून जातं, खार मागे उरतो. तिबेट-लडाखकडचा हा खार मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवरून घाट उतरे आणि पुढे थेट युरोपपर्यंत पोहोचे.

या व्यापाराला पहिला मोठा धक्का बसला तोही गरम जमिनीमुळेच. इटलीत लार्देरेल्लो इथं जमिनीतून वाफ फुसफुसत असते. तिथल्या पाण्यातून एकोणिसाव्या शतकात बोरिक आम्ल काढू लागले. पुढे त्याच कारखान्याचे प्रमुख पिएरो जिनोरी कोंती यांनी १९०४ मध्ये त्या वाफेवर डायनॅमो फिरवून पाच दिवे लावले. भूऔष्णिक विजेचा जन्म असा बोरॉनच्या कारखान्यात झाला, हे किती जणांना ठाऊक असतं?

पुगातही आता वीज हवी आहे. ओएनजीसी एनर्जी सेंटर, लडाख प्रशासन आणि लेहची स्वायत्त विकास परिषद यांचा त्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये करार झाला. पहिलं उद्दिष्ट एक मेगावॉटचं आहे. प्रयोग जरूर व्हावा, पण त्याभोवतीचा गाजावाजा मला पटत नाही. १४० अंशांच्या पाण्यातून वीज काढायची तर बहुतेक उष्णता वाया जाते. तीच उष्णता नळांतून थेट घरात खेळवली तर जवळजवळ सगळी कामी येते.

आणि घरं कुणाची? हा मुलूख चांगपा पशुपालकांचा. याकच्या केसांच्या ‘रेबो’ तंबूंत राहून ते पश्मिना देणाऱ्या शेळ्या पाळतात. पुगाची ओलसर कुरणं त्यांची चराई आहे आणि त्यांच्या मुलांची निवासी शाळाही तिथंच आहे. हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो आणि करडं जन्मतात तीही थंडी सरायच्या आत. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनं या पाण्यावर खोल्या उबदार ठेवण्याचे आणि टाकणखार शुद्ध करण्याचे प्रयोग काही दशकांपूर्वीच केले होते. विजेच्या तारा लेहकडे ओढण्याआधी गरम पाण्याची एक वाहिनी त्या शाळेच्या वसतिगृहात आणि एक करडांच्या गोठ्यात गेली पाहिजे.